पेमेंटच्या पानावर कोण कोण बसलंय?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आमच्या तेर गावचा माल नोंदलेला आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातं, असं तो सांगतो. हे तगर म्हणजे आपलं तेर, हे अभ्यासक फ्लीटने 1901 मध्ये मांडलं. आता तेरहून कापड जात नाही. बचत गटाचा येसूर मसाला, कारळाची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी कुरिअरने पुण्या-ठाण्याला जातात. न पाहिलेल्या गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यायचे, हा प्रश्न मात्र जुनाच. त्यावरून परवा आमच्या ओसरीवर दोन माणसांत चांगलीच जुंपली.

एक माझी भाची. ती पुण्यातल्या कंपनीचं काम तेरमध्ये बसून करते आणि गटाचं वेब अ‍ॅप तिनेच बांधून दिलंय. दुसरे सर. ते एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण गावातली निम्मी पोरं त्यांच्यापाशी संगणक शिकली, म्हणून सगळ्यांचे सर. भाचीचेही.

भांडण एका ओळीवरून होतं. पेमेंट कंपनीची स्क्रिप्ट पानात ओढून आणणारी ती ओळ.

"ही ओळ काय करते ते आधी मामाला सांग," सर म्हणाले.

"मामा, पेमेंट कंपनीने एक जावास्क्रिप्टची फाइल करून ठेवलीय. ती आपल्या पानात लोड करायची. गिऱ्हाइकाने 'पैसे भरा' दाबलं की ती एक खिडकी उघडते. त्यात यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग सगळं. पैसे भरले की खिडकी बंद, आणि गिऱ्हाईक आपल्याच पानावर."

"फाइल कुणाच्या सर्व्हरवर?"

"त्यांच्या."

"आज रात्री त्यांनी ती बदलली तर तुला कळवतील?"

"नाही कळवणार."

"आणि तुझ्या पानात शिरल्यावर तिला काय काय करता येतं?"

भाचीने आढेवेढे घेतले नाहीत. "माझ्या कोडला जे जे करता येतं, ते सगळं."

सरांना हेच वदवून घ्यायचं होतं. बाहेरून आलेली स्क्रिप्ट कुठल्याही पत्त्यावरून येवो, एकदा पानात चालू झाली की ब्राउझर तिला त्या पानाचीच समजतो. पत्ता, फोन नंबर, जे गिऱ्हाईक टाइप करील ते ती वाचू शकते. बटण बदलू शकते, दुवा दुसरीकडे वळवू शकते. एका साइटने दुसरीच्या माहितीला हात लावायचा नाही असा ब्राउझरचा कडक नियम आहे, पण इथे तो कामी येत नाही. तिला आत आपणच बोलावलेलं असतं.

"मग कशाला बोलवायलीस?" सर म्हणाले. "गिऱ्हाइकाला त्यांच्याच पानावर पाठव. तिथं पैसे भरू दे, भरून झाले की परत येऊ दे. तुझ्या पानात परक्याची एक ओळ नको."

"सर, परत येतंय कोण? इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून बाई आली. ती इन्स्टाग्रामच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये. तिथून दुसऱ्या साइटवर, तिथून फोनपेमध्ये, तिथून परत दुसऱ्या साइटवर, मग आपल्याकडे. मध्ये एक कडी तुटली की ती मसाला विसरते. शिवाय मध्येच पत्ता बदलला की माणसं बिचकतात, आणि बिचकायलाच पाहिजे. आपणच त्यांना शिकवलंय ना, अनोळखी पानावर पैसे भरू नका म्हणून?"

या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूचा. आमच्या घरातली माणसंसुद्धा पत्ता बदललेला दिसला की फोन खाली ठेवतात.

मग सरांनी दुसरी वाट काढली. फाइल उतरवून घ्यायची, नीट वाचायची, आपल्याच सर्व्हरवर ठेवायची आणि तिथून लोड करायची. म्हणजे रात्रीत कुणी बदलायला नको.

"ते चालत नाही. स्ट्राइपसारख्या पेमेंट कंपनीने तर स्पष्ट लिहिलंय की फाइल आमच्याच पत्त्यावरून घ्या, स्वतःकडे ठेवू नका. आणि कारण बरोबर आहे. बँकेने ओटीपीची रीत बदलली, रिझर्व्ह बँकेने नवा नियम आणला, की ते फाइल बदलतात. आपली उतरवलेली फाइल जुनी राहील, आणि एका सकाळी कळेल की कालपासून एकही कार्ड चाललेलं नाही."

"बरं, मग ठसा लाव. इंटिग्रिटी."

हे मला समजावून घ्यावं लागलं. फाइलच्या मजकुरावरून एक ठसा काढता येतो. तो त्या ओळीतच लिहून ठेवला, की ब्राउझर आलेली फाइल ताडून बघतो, आणि एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं असलं तरी ती चालवायला नकार देतो. आवृत्ती ठरलेल्या लायब्ररीसाठी ही सोय उत्तम. पेमेंटच्या फाइलला मात्र लागू पडत नाही, कारण ती न कळवता बदलते, आणि बदलली की नेमका धंदा बंद.

"म्हणजे डोळे झाकून विश्वास ठेवायचा?"

"झाकून कशाला? पेमेंट कंपनीवर उघड्या डोळ्यांनी ठेवायचा. कार्डाचा नंबर गिऱ्हाईक आपल्या पानात लिहीतच नाही. ती खिडकी म्हणजे आयफ्रेम असते, पेमेंट कंपनीच्या पत्त्यावरून आलेली. तिच्या आत काय टाइप झालं ते माझ्या कोडला वाचता येत नाही. आणि मला वाचायचंही नाही. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवायलाच रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. कार्ड देणारी बँक आणि व्हिसा-रुपेसारखं नेटवर्क सोडून कुणालाच परवानगी नाही. ती जोखीम मी अंगावर घेऊ? गटाच्या बायकांच्या नावावर?"

सर गप्प झाले. मला वाटलं, मिटलं. पण बँकेतला माणूस गप्प बसतो तेव्हा तो पुढच्या पानाची बेरीज करत असतो.

"पेमेंट कंपनीचं सोड," ते म्हणाले. "तुझ्या पानावर आणखी कोण कोण आहे?"

भाचीने लॅपटॉप उघडला. पाहुण्यांची मोजणी करणारी एक स्क्रिप्ट. इन्स्टाग्रामच्या जाहिरातीचा हिशेब ठेवणारी दुसरी. व्हॉट्सअ‍ॅपचं गोल हिरवं बटण दाखवणारी तिसरी, ती कुठल्या तरी फुकट सेवेची. अक्षरांच्या फाँटची एक. आणि जुन्या ब्राउझरसाठी कधीतरी घातलेली, आता कशासाठी होती ते तिलाही आठवेना अशी एक.

"या सगळ्यांना तुझ्याइतकेच अधिकार," सर म्हणाले. "पेमेंट कंपनीकडे निदान सुरक्षेचा विभाग आहे, रिझर्व्ह बँकेची नजर आहे, पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे नियम आहेत. त्या हिरव्या बटणवाल्याकडे काय आहे?"

मला वाटतं सगळ्या भांडणाचा गाभा इथे होता, आणि तो सरांना पहिल्यापासून माहीत होता. ते उगाच पेमेंट कंपनीच्या मागे लागले होते.

उदाहरणं दोघांनाही पाठ. 2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर चोरांनी एका साध्या, जुन्या लायब्ररीच्या फाइलमध्ये अवघ्या 22 ओळी घुसवल्या. गिऱ्हाइकाने कार्डाची माहिती भरून बटण दाबलं की ती कंपनीकडे जायची, आणि तीच माहिती चोरांच्या सर्व्हरकडेही. त्या सर्व्हरचं नावही कंपनीच्या नावासारखं ठेवलेलं. पैसे खरोखर भरले जायचे, तिकीट खरोखर मिळायचं, त्यामुळे कुणाला संशय येईना. 4 लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती धोक्यात आली आणि 2020 मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2 कोटी पौंड दंड केला. त्याच वर्षी टिकेटमास्टरलाही साडेबारा लाख पौंडांचा दंड झाला. त्यांचा दोष काय, तर गप्पा मारणारी चॅटबॉटची परकी स्क्रिप्ट त्यांनी पेमेंटच्या पानावर ठेवली होती, आणि चोरांनी ती गाठली.

"आणि ही," भाचीने स्वतःच त्या विसरलेल्या ओळीवर बोट ठेवलं, "ही असल्याच जातीची. पॉलिफिल डॉट आयओ नावाची सेवा वर्षानुवर्षं लोक वापरत होते. 2024 च्या फेब्रुवारीत ते डोमेन एका चिनी कंपनीने विकत घेतलं. जूनमध्ये उघडकीला आलं की तिथून येणारी फाइल मोबाइलवरच्या पाहुण्यांना भलत्याच साइट्सवर नेतेय. 1 लाखाहून अधिक साइट्सनी त्या पत्त्याची ओळ आपल्या पानात ठेवलेली होती. त्या साइटवाल्यांनी स्वतः काहीच बदललं नव्हतं. मालक बदलला, एवढंच."

तिने ती ओळ आमच्यादेखत पुसली.

पण सरांचं समाधान झालं नाही. "पेमेंटच्या पानावर बाकीच्या स्क्रिप्ट लोड करू नको. सोपं आहे."

"करतच नाही. त्या मुखपृष्ठावर लोड होतात."

"आणि मुखपृष्ठावरून पेमेंटच्या पानावर गेल्यावर?"

इथे भाची अडखळली. तिचं अ‍ॅप एकपानी आहे. गिऱ्हाईक मसाल्यावरून टोपलीवर, टोपलीवरून पेमेंटवर जातं तेव्हा वरचा पत्ता बदलतो, चित्र बदलतं, पण ब्राउझरच्या लेखी पान तेच राहतं. मुखपृष्ठावर आलेली स्क्रिप्ट तिथे संपत नाही. ती पेमेंटच्या पडद्यावरही जागी असते, कान देऊन. हे एकपानी अ‍ॅप बांधणाऱ्यांच्या सहज नजरेतून सुटतं, कारण कोडमध्ये पेमेंटचा भाग वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या नावाने, अगदी स्वच्छ दिसतो.

"म्हणून म्हणायलो," सर म्हणाले, "पेमेंटचं पान खरोखरचं वेगळं कर. नवीन पान, पहिल्यापासून लोड होणारं. तिथं दोनच स्क्रिप्ट. तुझी आणि पैशावाल्यांची."

"स्ट्राइप तर उलट सांगतं की आमची स्क्रिप्ट सगळ्या पानांवर ठेवा. गिऱ्हाईक कसं वावरतं ते बघून लबाड ओळखता येतो म्हणे."

"त्यांच्या सोयीचं सांगतात. मसाल्याचं पाकीट किती वेळ बघितलं हे पैशावाल्याला कशाला कळायला पाहिजे?"

यावर दोघांचं एकमत झालं नाही. भाचीचं म्हणणं, परदेशी कार्डं घेणाऱ्या मोठ्या दुकानाला ते लागतं. सरांचं म्हणणं, आपलं दुकान मोठं नाही. मला सरांचं पटलं. वेगळं पान करायला मात्र ती तयार झाली, आणि वर आपण होऊन एक जास्तीची गोष्ट सुचवली. सर्व्हरने पानाबरोबर एक यादी पाठवायची, की या पानावर स्क्रिप्ट फक्त या या पत्त्यांवरून चालतील, आणि माहिती बाहेर जाईल तीही फक्त या या पत्त्यांवर. ब्राउझर ती यादी पाळतो. तिचं तांत्रिक नाव सीएसपी. ब्रिटिश एअरवेजच्या पानावर अशी कडक यादी असती तर त्या 22 ओळींना चोरीचा माल त्या परक्या सर्व्हरकडे पाठवणं अवघड गेलं असतं. आधी काही दिवस यादी नुसती तक्रार नोंदवणारी ठेवायची, काय काय अडतंय ते बघायचं, आणि मगच अडवणारी करायची. नाहीतर पेमेंटचीच खिडकी अडायची. कार्ड कंपन्यांच्या पीसीआय नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीतली एक मागणी याच धर्तीची आहे आणि ती 31 मार्च 2025 पासून बंधनकारक झाली. पेमेंटच्या पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टची यादी ठेवा, ती का लागते ते लिहा, आणि ती कुणी बदलली नाही याची खात्री करा.

चहा झाला. सरांनी मग ठेवणीतला प्रश्न काढला.

"पैसे आले हे तुला कोण सांगतं?"

"खिडकी बंद होताना स्क्रिप्ट माझ्या कोडला सांगते. पेमेंट क्रमांक देते."

"आणि तू मसाला पाठवतेस?"

"सर, मी एवढी कच्ची नाही."

"तरी सांग."

सरांचा हा हट्ट कुठून येतो ते मला ठाऊक आहे. सहकारी बँकेत नोकरी केलेल्या माणसाला 2018 चा ऑगस्ट विसरता येत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन-तीन दिवसांत 94 कोटी रुपये गेले, त्यातले बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून. एटीएम पैसे देऊ का म्हणून विचारतं, तो प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचूच दिला नाही. मध्ये एक खोटा स्विच बसवला होता आणि तोच 'द्या' म्हणत होता. एटीएमच्या दृष्टीने सगळं रीतसर चाललं होतं.

"इथल्या लामतुरे संग्रहालयात मातीची पदकं आहेत बघ, रोमन नाण्याच्या छापाची," सर म्हणाले. "गळ्यात घालायची. त्यावर राजाचा चेहरा आहे म्हणून बाजारात कुणी धान्य दिलं नसणार. ब्राउझरमधल्या 'पेमेंट यशस्वी'ची किंमत तेवढीच. दिसायला नाणं."

भाचीने मग आपला सर्व्हर काय करतो ते सांगितलं, आणि ते सांगताना ती पहिल्यांदाच सरांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली, म्हणजे तिला ते सरांसमोर सिद्ध करायचं नव्हतं. रक्कम ब्राउझर ठरवत नाही. गिऱ्हाइकाने टोपलीत दोन पाकिटं टाकली की सर्व्हर स्वतःच्या दरपत्रकावरून 480 रुपये काढतो, म्हणजे 48000 पैसे, कारण या यंत्रणा रक्कम पैशांत मागतात. मग पेमेंट कंपनीकडे त्या रकमेची ऑर्डर नोंदवतो आणि फक्त ऑर्डर क्रमांक ब्राउझरला देतो. कुणी पानातला आकडा बदलून 480 चा 1 केला तरी ऑर्डर 480 चीच राहते. पैसे भरून झाले की ब्राउझर तीन गोष्टी आणतो: ऑर्डर क्रमांक, पेमेंट क्रमांक आणि एक सही. रेझरपे या पेमेंट कंपनीच्या पद्धतीत दोन्ही क्रमांक मध्ये उभी रेघ देऊन जोडायचे आणि गुप्त किल्ली वापरून त्यांची सही काढायची. आपण काढलेली सही आणि ब्राउझरने आणलेली सही जुळली तरच खरं. किल्ल्या दोन असतात. एक पानात दिसली तरी चालते. दुसरी सर्व्हरबाहेर गेली की संपलं, कारण मग सही कुणालाही करता येईल.

"आणि ब्राउझर परत आलाच नाही तर?" मी विचारलं. मलाही आता चव लागली होती.

"येतच नाही पुष्कळदा, मामा. स्वस्तातला फोन असतो. गिऱ्हाईक फोनपेमध्ये गेलं, पिन टाकला, तोवर फोनने जागा करायला मागचा ब्राउझर मारून टाकला. पैसे गेले, आणि आपल्या पानाला पत्ता नाही. म्हणून पेमेंट कंपनीचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट निरोप पाठवतो, वेबहुक म्हणतात त्याला. त्यावरही सही असते, ती तपासायची. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून एका पेमेंट क्रमांकावर दोन पार्सलं निघणार नाहीत हे बघायचं."

"त्यांच्या पानावर पाठवलं असतं तरी हे सगळं करावंच लागलं असतं," सर म्हणाले. ते खरं म्हणजे भाचीचं वाक्य होतं.

आणखी एक प्रसंग भाचीने मागच्या चैत्रातला सांगितला. तेरला संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या यात्रेला वद्य एकादशीपासून माणसांची रीघ लागते आणि मोबाइलचा टॉवर गुदमरतो. गटाचा स्टॉल होता, तिथे कागदावर छापलेला क्यूआर स्कॅन करून लोक साइटवर यायचे. पान उघडायचं, पण पेमेंटची फाइल यायची नाही. बटण हिरवंगार, दाबलं की काहीच होत नाही. माणूस चिडून चार वेळा दाबतो. आता भाची पेमेंटची फाइल पोचल्याची खूण मिळेपर्यंत बटण उमटूच देत नाही, आणि फाइल ठरलेल्या वेळात आली नाही तर पान मराठीत सांगतं की पेमेंटची सोय सध्या उघडत नाही, तुमच्या खात्यातून काहीही गेलेलं नाही, हवं तर रोख द्या. त्या मधल्या वाक्याने गटाच्या बायकांची निम्मी डोकेदुखी गेली म्हणे. आणि पैसे खरोखर गेले पण दुकानदाराला पोचल्याची खात्री आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे ते व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई. हे सरांनी सांगितलं. गटातल्या एकीलाही ते ठाऊक नव्हतं.

एवढ्यात गटाच्या अध्यक्षबाई हिशेबाची वही घेऊन आल्या. त्यांना सगळं थोडक्यात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ते जाहिरातवाल्यांचं पेमेंटच्या पानावरून निघणार. मग कुठली जाहिरात बघून ऑर्डर आली ते कसं कळायचं? जाहिरातीला पैसे आम्ही घालतो."

"ते सर्व्हरकडून परस्पर कळवता येतं," भाची म्हणाली. "पानात स्क्रिप्ट नको."

"काय कळवणार?" सरांनी विचारलं.

"ऑर्डर, रक्कम... आणि गिऱ्हाईक जुळवायला फोन नंबर. हॅश करून, म्हणजे सरळ वाचता येणार नाही असा."

"मग नाही. फोन नंबर त्यांच्याकडे आधीच आहे. तोही हॅश करतील आणि ताडून बघतील. गिऱ्हाइकाने मसाल्यासाठी नंबर दिला होता. 2023 चा वैयक्तिक माहितीचा कायदा काय म्हणतो संमतीबद्दल?"

"संमती मागायचा चौकोन ठेवीन."

"आणि तो आधीपासून टिक केलेला?"

भाचीने उत्तर दिलं नाही. दोघं पुन्हा सुरू होणार, तेवढ्यात अध्यक्षबाई म्हणाल्या, "जाहिरातीत एक कोड छापा ना. तो लिहील त्याला दहा रुपये कमी. कोड मोजले की कळलं. गेल्या साली स्टॉलवर चिठ्ठ्या वाटल्या होत्या, तसंच."

भाचीने ते लगेच लिहून घेतलं.

"दहा रुपये ब्राउझरमध्ये वजा करू नको," सर म्हणाले.

"माहितीय, सर."